कोरडं जहाज, पण कुणाच्या खर्चानं?

यंदा शिमग्याला गावी गेलो, तर पालखी सहाणेवर यायच्या आधीच तिथे वाद पेटलेला. आमच्या दापोली तालुक्यातल्या वाडीतला एक पोरगा, सुटा माल नेणाऱ्या बल्क कॅरिअरवर एबी, म्हणजे प्रशिक्षित खलाशी, नऊ महिन्यांच्या काँट्रॅक्टवर गेलेला, चौथ्याच महिन्यात घरी परतला होता. सकाळी कामावर उभं राहण्याआधी कॅप्टननं सगळ्यांना दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला लावलं, याचा आकडा ०.०३ टक्के आला, आणि पुढच्या बंदरात त्याला उतरवून विमानात बसवलं. कंपनीचा नियम शून्याचा. वाडीत दोन तट पडले. एक म्हणतो, "दारुड्याला हाकलला ते बरं झालं, वाडीचं नाव घालवलान." दुसरा म्हणतो, "नेव्हीत सरकार स्वतः रम देतं, जगाचा नियम ०.०५ चा आहे, मग आमच्याच पोरानं काय पाप केलान?" मुंबईला परतल्यावर जुन्या शिपमेट्समध्ये हाच वाद ऐकला. शब्द जरा इंग्रजी, मुद्दे तेच. एकीकडे नीती, दुसरीकडे परंपरा आणि हक्क.

मी २३ वर्षं जहाजांवर काढली, कॅडेटचा चीफ ऑफिसर झालो, त्यामुळे या वादात गप्प बसवत नाही. माझं मत आधीच सांगतो. चालतं जहाज कोरडंच, म्हणजे दारूविना, असलं पाहिजे, कॅप्टनपासून मेसमनपर्यंत सगळ्यांना एकच नियम लावून. आणि त्या पोराला उतरवलं त्यात मला चूक दिसत नाही. पण जहाज कोरडं ठेवायची एक किंमत असते. ती आज एकट्या खलाशाच्या माथी मारली जाते, आणि ज्या परंपरेचे दाखले दोन्ही बाजू देतात त्या परंपरेचा इतिहास नेमका याच्या उलट सांगतो.

परंपरेपासूनच सुरुवात करू, कारण तीच सगळ्यात चुकीची सांगितली जाते. शिडाच्या जहाजांवर दारू चढली ती मौजेखातर नव्हे. लाकडी पिंपातलं पाणी काही आठवड्यांत सडायचं, म्हणून ब्रिटिश नौदलात माणशी रोज एक गॅलन बिअर मिळायची. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका घेतलं, आणि उष्ण समुद्रात न नासणारी, थोड्या जागेत मावणारी रम बिअरच्या जागी येत गेली. रोजचा वाटा अर्धा पाइंट, म्हणजे जवळजवळ २८० मिलि, तोही कडक. माणसं डोलकाठीवरून पडायला लागली. १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्नननं हुकूम काढला की हा वाटा चौपट पाण्यात मिसळून, दोन वेळांना विभागून द्यायचा. 'ग्रॉग' हे नाव त्याच्याच जाड्याभरड्या कापडाच्या कोटावरून पडलं. पण त्या हुकमातली दुसरी अट कुणी सांगत नाही: पाणी मिसळायचं ते डेकवर, उघड्यावर, पाळीवरच्या लेफ्टनंटच्या देखत, म्हणजे खलाशाच्या वाट्यात कुणी चोरी करणार नाही. दारू पातळ करतानासुद्धा, याच्या हक्काचं काही हिरावलं जाता कामा नये, एवढं भान त्या माणसाला होतं.

पुढे प्रत्येक वेळी हाच व्यवहार झालेला दिसतो. अमेरिकन नौदलानं १ सप्टेंबर १८६२ पासून खलाशांचा दारूचा वाटा बंद केला आणि बदल्यात रोजचे पाच सेंट पगारात वाढवले. ब्रिटिश नौदलात जो रम घेत नसे त्याला रोजचे तीन पेन्स मिळत. ३१ जुलै १९७० रोजी तिथे शेवटचा वाटा दिला गेला. तोवर तो कमी होत होत पाइंटचा आठवा हिस्सा, ७० मिलि उरला होता. त्या दिवशी काही जहाजांवर खलाशांनी काळ्या फिती लावल्या. नौदलाचं म्हणणं असं होतं की आता जहाजावर नाजूक, गुंतागुंतीची यंत्रं आहेत, त्यांच्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत, त्यात रम बसत नाही. म्हणणं खरंच होतं. पण म्हणणं खरं आहे म्हणून ते फुकटात पदरात पाडून घेतलं नाही. खलाशांच्या कल्याणनिधीत २७ लाख पौंड घातले गेले. आजच्या कुठल्या कंपनीनं शून्याचा नियम लावताना कल्याणनिधीत एक रुपया घातला?

याच इतिहासात एक डागही आहे, आणि तो आजपर्यंत पुसलेला नाही. अमेरिकन खलाशाची दारू १८६२ मध्ये गेली, पण अधिकाऱ्यांची वाइन चालूच राहिली. नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी १ जुलै १९१४ पासून ती बंद केली, म्हणजे मध्ये ५२ वर्षं गेली. अर्धं शतक एकाच जहाजाच्या दोन मजल्यांवर दोन कायदे. वाडीतला "साहेबलोक पितात" हा सूर कुठून येतो हे मला कळतं. कॅडेट असताना मी अशा जहाजावर होतो जिथे मशीन मेसरूमपर्यंत यायचं आणि वरच्या केबिन्सच्या जिन्यापाशी थांबायचं. जो नियम जिना चढत नाही, त्याला क्रू मान देत नाही, आणि त्यानं द्यावा तरी का?

आता समोरच्या बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करतो. पहिला मुद्दा असा की खलाशासाठी जहाज हे नुसतं कामाचं ठिकाण नसून घरही आहे. विमानाच्या पायलटला आपल्याकडे उड्डाणाआधी बारा तास दारू वर्ज्य आहे. रेल्वेचा लोको पायलट गाडीवर चढण्याआधी फुंकतो. पण दोघंही ड्युटी संपवून घरी जातात, तिथे काय करतात हे कुणी विचारत नाही. खलाशानं नऊ महिने ड्युटी संपवून जायचं कुठे? चारशे पावलांच्या लोखंडावरच. मग खलाशांचं प्रशिक्षण आणि पाळ्या ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय एसटीसीडब्ल्यू कराराची २०१२ पासून लागू असलेली मर्यादा, रक्तात ०.०५ टक्के, एवढी पुरे नाही का? आणि आपल्याच राज्याचा दाखला आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यात युद्धनौका आणि लष्करी मेस यांना सवलतीची तरतूद होती. बलसारा खटल्यात १९५१ साली ती सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि न्यायालयानं ती टिकवली. सैन्यदलांच्या स्वतःच्या परंपरा असतात, त्यांचं मनोबल राखावं लागतं, हे कारण मानलं. मनोबलाची गरज गणवेशवाल्याला आहे आणि मालवाहू जहाजावरच्या पोराला नाही, हे कोण म्हणेल?

मुद्दा खरा आहे. तरी मी शून्यावरच का येतो, ते सांगतो. एका बल्क कॅरिअरवर हिंदी महासागरात रात्री पावणेतीनला जनरल अलार्म वाजला. इंजिनरूमच्या प्युरिफायर रूममध्ये आग. जहाजावर आम्ही एकवीस जण. बंब येणार नाही, शेजारी येणार नाही, जे आहे ते एवढंच. सेकंड इंजिनिअर आणि फिटर श्वासाचे सेट पाठीवर घेऊन आत गेले. सिलिंडर अर्धा तास पुरेल न पुरेल. त्यांच्या कमरेला बांधलेली दोरी दाराशी धरून उभा होता आमचा एक ओएस, म्हणजे कनिष्ठ खलाशी, आठला ड्युटी संपवून झोपलेला. एक झटका म्हणजे ठीक, चार झटके म्हणजे ओढा. धुरात काही दिसत नव्हतं, बोललेलं ऐकू येत नव्हतं. आतल्या दोघांचा जीव त्या पोराच्या दोन तळव्यांत होता. हिशोबानं तो 'ऑफ ड्युटी' होता. युद्धनौकेवर त्याच्या जागी उभे राहायला आणखी शेकडो असतात, वैद्यकीय पथक असतं. आमच्याकडे त्याच्या जागी कुणीच नव्हतं. म्हणून नौदलाची तुलना मालवाहू जहाजाला लागू पडत नाही. जहाजावर कामाची वेळ संपते, जबाबदारी संपत नाही.

वॉचचं, म्हणजे पाळीचं, घड्याळही हिशोब बसू देत नाही. चार ते आठच्या वॉचचा माणूस घ्या. रात्री आठला, जिथून जहाज चालवतात त्या ब्रिजवरून उतरला, जेवला, साडेआठला बसून तीन लार्ज घेतल्या. ६० मिलि रममध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, तीनचे झाले ६०. शरीर ताशी सात-आठ ग्रॅम जिरवतं. म्हणजे पहाटे चारला तो पुन्हा ब्रिजवर उभा राहतो तेव्हा रक्तात अजून काहीतरी उरलेलं असतं, आणि जी झोप झाली ती दारूची, कच्ची. घरी शनिवारी रात्री तीन लार्ज घेणाऱ्या माणसाला कुणी दारुडा म्हणणार नाही. तोच माणूस, तेवढ्याच पेगांनिशी, पहाटे चारला पन्नास हजार टनांचं जहाज चालवायला लायक नसतो. यात त्याच्या नीतीचा प्रश्न येतो कुठे? म्हणूनच वाडीतल्या पहिल्या तटाशीही माझं पटत नाही. 'दारुडा' हा शब्द उच्चारला की विचार थांबतो.

दुसरा बळकट मुद्दा: बंदीनं बाटली लपते. हे तर आपण महाराष्ट्रात बघितलेलंच आहे. मोरारजीभाईंच्या काळातल्या दारूबंदीनं कोकणातल्या परसावांत आणि व्हाळांच्या काठी हातभट्ट्या किती लागल्या, ते घराघरातली म्हातारी माणसं सांगत. जहाजाचंही उदाहरण आहे. १८ फेब्रुवारी २०१५ च्या पहाटे 'लिसब्लिंक सीवेज' हे मालवाहू जहाज स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्ण वेगानं खडकावर चढलं. ब्रिजवर एकटाच असलेला अधिकारी वॉचआधी सुमारे अर्धा लिटर रम प्यायला होता. कारण होतं खासगी काळजी. कंपनीचं धोरण काय होतं? शून्य दारूचं. चौकशीत दिसलं की त्या जहाजावर ते धोरण फक्त कागदावर होतं. या घटनेवरून दोन निष्कर्ष निघतात. "बंदी फसते, म्हणून सोडा" हा एक. माझा दुसरा आहे: त्या माणसाच्या सोबत ब्रिजवर बाहेर नजर ठेवणारा लुकआउट उभा असता, कुणी त्याला आदल्या दिवशी "काय झालं?" असं विचारलं असतं, तर बाटलीची गोष्ट बाटलीपाशीच संपली असती. बंदी एकटी पाठवली की ती हरते. आणि तिला एकटीच पाठवतात, कारण बाकीच्या गोष्टींना पैसे पडतात.

इथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. शून्याच्या नियमाची आजची लाट आली ती 'एक्सॉन वाल्डीझ' या तेलवाहू जहाजाच्या अपघातानंतर. २४ मार्च १९८९, अलास्का, सुमारे ३७ हजार टन तेल समुद्रात. कॅप्टन बंदरात प्यायला होता, ही बातमी जगभर झाली आणि लोकांच्या डोक्यात तीच बसली. पण अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं कारणं लिहिली तेव्हा कॅप्टनच्या दारूच्या आधी लिहिलं की थर्ड मेट, म्हणजे जहाज चालवणारा कनिष्ठ अधिकारी, दमलेला होता आणि त्याच्यावर कामाचा बोजा जास्त होता. पुढे हेही लिहिलं की कंपनीनं धड विश्रांती मिळालेला, पुरेसा क्रू दिला नव्हता. शिवाय किनाऱ्यावरून वाहतुकीवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि जहाजाला वाट दाखवणाऱ्या पायलटची सोय अपुरी होती. या यादीतलं सगळ्यात स्वस्त औषध कुठलं? फुंकायचं मशीन. ते प्रत्येक जहाजावर पोचलं. जादा माणूस पोचला नाही.

दमणं ही काही मवाळ तक्रार नाही. १९९७ मध्ये संशोधकांनी मोजून दाखवलं की सतत सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके ढिले पडतात, आणि चोवीस तासांनी ते प्रमाण ०.१० पर्यंत जातं. हा ०.०५ आकडा ओळखीचा वाटतो ना? एसटीसीडब्ल्यूची दारूची मर्यादा तीच. म्हणजे होल्ड, जहाजातली मालाची कोठारं, धुऊन पहाटे वर आलेला आणि तसाच वॉचवर उभा केलेला खलाशी कायद्याच्या मर्यादेवर असतो, एक थेंबही न घेता. त्याला मोजायला मात्र मशीन नाही. त्याला मोजतात एका तक्त्यावर, ज्यात कराराप्रमाणे दिवसाला किमान दहा आणि आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती दाखवावी लागते. तो तक्ता कसा भरला जातो हे समुद्रावर गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मीही भरलाय, आणि त्याची मला आज लाज वाटते. दोन सारखेच धोके. एकाला वैज्ञानिक उपकरण, दुसऱ्याला बॉलपेन. हा न्याय कसला?

दारूच्या मुळाशी काय असतं, हेही बघायला हवं. २५ जुलै २०२० ला 'वाकाशिओ' ही मालवाहू बोट मॉरिशसच्या प्रवाळावर चढली, सुमारे हजार टन तेल सांडलं. कॅप्टन भारतीय होता. जहाजावर वाढदिवसाची पार्टी झाली होती आणि त्यानं थोडी घेतली होती. पुढच्या वर्षी तो आणि त्याचा फर्स्ट ऑफिसर दोषी ठरले, ते योग्यच झालं. पण जहाज किनाऱ्याच्या एवढ्या जवळ आलं कशासाठी? मोबाइलची रेंज मिळावी म्हणून, क्रूला घरी बोलता यावं म्हणून. कोविडचे महिने होते, जगभर लाखो खलाशी काँट्रॅक्ट संपूनही जहाजांवर अडकलेले होते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत बंदरात चार-पाच दिवस जहाज राहायचं. आम्ही गावात फिरायचो, सलूनमध्ये केस कापायचो, टेलिफोन बूथवर रांग लावायचो. पुढे कंटेनर टर्मिनलवर जहाज काही तासांत निघायला लागलं. २००४ च्या सुरक्षा नियमांनंतर गेटबाहेर पडणं हेच एक काम होऊन बसलं. ज्या माणसाला जमिनीवर पाय ठेवता येत नाही, घरचा आवाज ऐकायला रेंज नाही, आणि झोप तुकड्यातुकड्यांत, त्याच्यापुढे तुम्ही फक्त एक मशीन ठेवता.

"दर्यावर्दी माणसाला दारू लागतेच" हे मात्र कुणी मला सांगू नये. दापोली, मंडणगड, खेड, श्रीवर्धन इकडच्या कोकणी मुस्लिम घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीवर गेली, सारंग, तांडेल अशी खलाशांची मुकादम झाली, भट्टीपुढे कोळसा ओढला, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी जन्मात थेंब घेतला नाही. मला गाठी मारायला शिकवणारा म्हातारा सारंग त्यांच्यातलाच. वादळात त्याच्या हाताला कंप सुटलेला मी कधी पाहिला नाही. आणि खलाशाचं मन कशानं मोडतं, हे मुंबईनं १८ फेब्रुवारी १९४६ ला बघितलंय. नौदलाच्या 'तलवार' तळावरच्या नाविकांनी संप पुकारला तो रमसाठी नव्हता. ताटातलं अन्न, गोऱ्यांइतका पगार आणि माणसासारखी वागणूक, या तक्रारी होत्या, आणि त्यांच्यामागे स्वातंत्र्याची आस. त्या नाविकांना मनोबल बाटलीत शोधावं लागलं नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. शून्य ठेवा, पण व्हर्ननसारखं उघड्यावर, सगळ्यांच्या देखत ठेवा: मशीनमध्ये पहिली फुंकर कॅप्टनची. रात्रीच्या वॉचला दुसरा माणूस द्या. दोन अधिकाऱ्यांत सहा-सहा तास वाटून घेण्याची पद्धत छोट्या जहाजांवर चालते, ती बंद करा. तिसऱ्या अधिकाऱ्याचा पगार हा कोरड्या जहाजाचा खर्च आहे, तो मालकानं उचलायचा. इंटरनेटचं म्हणाल तर डिसेंबर २०२४ पासून सागरी कामगार करारात त्याची तरतूद आलीच आहे, फक्त "शक्य तेवढं" या शब्दांमागे कुणी लपू नये. आणि जो स्वतः येऊन सांगतो की माझा हात बाटलीकडे जातोय, त्याला उपचार द्या आणि पुन्हा जहाज द्या. आज तसं सांगणाऱ्याला पुन्हा काम मिळत नाही, म्हणून कुणी सांगत नाही, आणि मग ते खडकावर चढल्यावर कळतं. हे सगळं महाग आहे, मान्य. १९७० मध्येही २७ लाख पौंड महागच होते.

पालखी पुढच्या वाडीत गेल्यावर तो पोरगा आमच्या घरी आला. मान खाली. मी त्याला सांगितलं की उतरवलं ते बरोबर केलं, दुसऱ्यांचे जीव तुझ्या हातात होते. तो म्हणाला, "हो काका." मग मी त्याच्याकडे विश्रांतीच्या तासांचा तक्ता मागितला, कारण त्याची सहीची प्रत खलाशाला द्यावीच लागते. सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाच्या, प्लॅस्टिकच्या पाकिटातून त्यानं घडी काढली. फुंकायला लावलं त्याच्या आधीचे दोन दिवस बघितले. लोडिंग पोर्ट जवळ आलं होतं, पाच होल्ड धुवायचे होते. झोप लागेना म्हणून बाटली उघडली, असं तो स्वतःच म्हणाला होता.

"त्या रात्री होल्डमधून वर किती वाजता आलास?"

"पावणेदोन."

तक्त्यात तो रात्री आठपासून विश्रांतीवर होता. खाली त्याची सही होती, आणि तिच्या शेजारी कॅप्टनची.